दोन वाट्या आधीच झाकून ठेवा

मैत्रिणींनो, मासळीबरोबर पांढरी वाइन नि मटणाबरोबर तांबडी, हा फ्रेंचांचा जुना रिवाज. वाचून गंमत वाटते ना? पण आपल्या आज्यांनी तरी दुसरं काय केलं? माशांच्या जेवणाला सोलकढी, मसालेभात-जिलबीला मठ्ठा! या जोड्या उगाच नाही जमल्या. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी प्यायलं तरी तोंड पोळतंच. ताकातलं केसीन त्याला धरून ठेवतं, नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशात ते विरघळतं. वाइनमधल्या अल्कोहोलने मात्र जाळ वाढतोच.

आता खरं सांगा, ही सोलकढी आपल्या वाट्याला किती येते? आमच्याकडे पुरुष नि मुलं आधी जेवतात. आम्ही सासूसुना बसतो तेव्हा उरतो तो तळाचा झणझणीत रस्सा. सासूबाई वर्षानुवर्षं तो पाण्याच्या घोटाबरोबर जेवल्या, पण चकार शब्द काढला नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मी दोन वाट्या आधीच झाकून ठेवते. “पाहुण्यांना कमी पडली तर?” सासूबाई म्हणाल्या. म्हटलं, चार आमसुलं जास्त भिजवू.

चौघांना एक नारळ पुरतो. 8-10 आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावीत. खोबरं, दोन लसूणपाकळ्या नि एक हिरवी मिरची वाटून दूध पिळावं. आमसुलांचं पाणी, मीठ नि कोथिंबीर घालावी. उकळू मात्र नये, फाटते.

सासूबाई हल्ली वाटी स्वतःच मागून घेतात. तुमच्याकडे दोघी असाल तर दोन वाट्या, एकटी असाल तर एक. पण वाढायला घेण्याआधी झाका बरं का!