उद्याच्या बेटावरचे आजी-आजोबा

लेकीच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला गेलो असता आम्ही उभयतांनी आठवडाभर टोंगाही पाहून घेतले. प्रशांत महासागरातील हे छोटे राज्य ऑकलंडहून विमानाने सुमारे तीन तासांवर आहे. राजधानी नुकुआलोफा टोंगाटापू बेटावर वसली आहे. सपाट जमीन, नारळाची झाडे आणि दमट हवा यांमुळे कोकणाची आठवण होत राहते.

आमच्या मुक्कामाशेजारी अमेरिकेतील यूटा राज्यातून आलेले एक वृद्ध जोडपे राहत होते. लॅटर-डे सेंट्स चर्चमधील निवृत्त दांपत्ये स्वखर्चाने, सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत, मिशनरी म्हणून परदेशी जातात. दारोदार फिरून उपदेश करण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. हे आजोबा कार्यालयाचे हिशेब पाहत; आजी तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांची स्वच्छता आणि दुखणीखुपणी पाहत.

ऊन चढण्यापूर्वी दोघे चालून येत. रविवारी मात्र सारे थांबे. टोंगाच्या राज्यघटनेनेच हा वार पवित्र मानला आहे. दुकाने बंद असतात आणि चर्चमधून समूहगान ऐकू येते. जमिनीतील खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर अन्न शिजते. या भट्टीला ‘उमू’ म्हणतात. अळूच्या पानांत नारळाचे दूध, कांदा आणि बहुधा खारवलेले मांस बांधून ‘लू’ करतात. अळू पाहून मला माहेर आठवले. आजोबांच्या रक्तदाबामुळे आजी त्यातले खारे मांस वगळत. पाने पुरती शिजली नाहीत तर घसा खाजतो, हे मात्र त्यांना टोंगन शेजारणीने शिकवले होते.

जेवण झाल्यावर त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवले. यूटातील हिवाळ्यात, टोंगात रविवारी सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिकडे शनिवारची दुपारचे बारा झालेले असतात. “नातवंडांचा वाढदिवस इथे आधी येतो आणि केक मात्र तिकडे कापला जातो,” असे म्हणून त्या हसल्या. पण लगेच उठून ताटे आवरू लागल्या.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. सहाव्या महिन्यात आजोबांना भोवळ येऊ लागली. काम सोडून परतावे लागेल या भीतीने त्यांनी ती लपवली. गोळ्यांची डबी भरताना आजींना चार दिवसांच्या गोळ्या तशाच दिसल्या. “मला राग आला तो गोळ्यांचा नव्हे, तर त्यांनी एकट्याने सोसल्याचा,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी औषध बदलले. त्यानंतर दोघांनी एक कागद लिहिला: औषधांची नावे व मात्रा, रक्तदाबाची नोंद, मुलांचे दूरध्वनी, आणि शेवटी, दोघांपैकी कोणीही ‘आता घरी जाऊ’ म्हटले, तर दुसऱ्याने वाद घालायचा नाही.

आम्हीही वर्षाआड मुलांकडे परदेशी राहतो, बाळांना सांभाळतो आणि आपली कुरकुर त्यांच्या कानी जाऊ देत नाही. ऑकलंडला परतल्यावर त्या रात्री ह्यांनी आपणहून सांगितले, “गुडघा गेल्या महिन्यापासून दुखतोय.” मी वही काढली. पहिल्या पानावर औषधे लिहिली. शेवटची ओळ लिहायला मात्र आम्हाला बराच वेळ लागला.