मामंजींचा वस्तरा आणि साबणाची वाटी

मैत्रिणींनो, घरातल्या पुरुषांच्या दाढीच्या सामानाकडे आपलं लक्ष जातं ते बहुधा दोनच वेळी. वाण्याची यादी करताना, नाहीतर न्हाणीघराच्या फळीवरचा साबणाचा राडा पुसताना! माझं लक्ष मात्र निराळ्याच कारणानं गेलं. अकरा वर्षं मी माझ्या सासऱ्यांची दाढी केली, आणि तीही वस्तऱ्यानं. दचकलात ना? पहिल्या दिवशी मीही अशीच दचकले होते.

१९८६ साली लग्न होऊन मी वरणगावला आले. मामंजी इथल्या काडतुसांच्या सरकारी फॅक्टरीत, आणि आमचे 'हे' भुसावळला रेल्वेत. मामंजींचा थाट मोठा बघण्यासारखा असे. पहाटे ओसरीवर पाट मांडायचा, खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवायचा, त्यावर वस्तरा चट्‌चट् परजायचा आणि पितळेच्या वाटीत फेस घोटायचा. त्यांच्या वडिलांच्या वेळी न्हावी घरी येई आणि सुगीला वर्षाची ज्वारी घेऊन जाई. त्या म्हाताऱ्याची मुलं पोटासाठी सुरतेला गेली, त्याचेही हात थकले, तेव्हा मामंजी त्याच्याकडूनच हे शिकले. वस्तराही त्याचाच. किंमत विचाराल तर दोन पायल्या बाजरी! चाळीस वर्षं तो एक वस्तरा पुरला.

१९९६ मध्ये काचबिंदूनं मामंजींची नजर गेली. यांची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. दुकानात जायला मामंजी तयार नव्हते. एकाच पात्यानं दहा जणांची दाढी करण्याबद्दल त्या सुमारास लोकांच्या मनात कावीळ आणि एड्सची धास्ती बसली होती, आणि ती काही खोटी नव्हती. शिवाय एका दुकानात एकानं "आजोबा, लवकर आटपा, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून त्यांना घाई केलेली. तो अपमान त्यांना जखमेपेक्षा जास्त लागला होता. आठ-आठ दिवस दाढी वाढू लागली. आरशात कधी न चुकणारा माणूस स्वतःच्या गालावरून हात फिरवून गप्प बसायचा.

तुम्ही म्हणाल, सासूबाई नव्हत्या का? होत्या ना. त्यांचं जेवणखाण, औषधं, डोळ्यांत थेंब घालणं, सगळं त्या करीत. पण वस्तऱ्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पाटावर पडलेला असला तर वळसा घालून जात. कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांच्या आजीची बहीण सोळाव्या वर्षी विधवा झाली होती. मागल्या दारानं न्हावी येई तेव्हा ती कोंडवाड्यातल्या वासरासारखी थरथरत असे, असं सासूबाईंनी लहानपणी ऐकलेलं. मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली सभा भरवून विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं, नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला! पण ती बातमी त्या आजीच्या बहिणीच्या मागल्या दारापर्यंत काही पोचली नाही.

तर राहिले मी. सुनेनं सासऱ्यांच्या तोंडाला हात लावायचा? डोक्यावरचा पदरही मी तोवर सोडला नव्हता. एके दिवशी मामंजीच म्हणाले, "ये माय, बस. भाकरी थापतेस ना? तसाच हात हलका ठेव. मला दिसत नाही, तर लाजायचं कुणाला?"

हात हलका ठेवणं, हेच या विद्येचं सार. वस्तरा दाबायचा नाही, त्याच्या वजनानंच तो चालतो. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणायची, पातं गालाशी बरंचसं आडवं धरायचं, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं ओढायचं. हनुवटीचा खळगा शेवटी. पट्ट्यावर लावताना धार मागे आणि पाठ पुढे. हे मी पहिल्या आठवड्यात विसरले आणि चांगल्या पट्ट्याला बोटभर चीर पाडली. मामंजींनी आवाजावरून ओळखलं, पण सासूबाईंना सांगितलं नाही!

आता साबणाबद्दल. 'हे' एकदा हौसेनं ट्यूबमधलं महागाचं क्रीम घेऊन आले. आमचं बोअरचं पाणी जड, डाळ शिजायला तास लावणारं. त्यात त्या क्रीमचा फेस उठेना. मामंजींची गोदरेजची गोल वडी मात्र त्याच पाण्यात लोण्यासारखी घोटली जाई. अर्थात त्यातही युक्ती होती. पाणी आधी उकळून, खाली पांढरं बसू देऊन, वरचं निवळ घ्यायचं. उकळल्यानं पाण्याचा जडपणा काही अंशी उतरतो, आणि साबण वाया जात नाही. ब्रश पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवून झटकायचा, मग वडीवर गोल फिरवायचा. फेस तोंडाला लावला की लगेच वस्तरा उचलायचा नाही, दोन मिनिटं दाढी मुरू द्यायची. वडी वापरून झाली की वाटी उपडी ठेवायची. एक वडी आम्हाला पाच-सहा महिने जाई. ट्यूबमध्ये पाण्याचा अंश जास्त, आणि दाबली की हवी त्याच्या दुप्पट बाहेर येते, हे तुम्हाला टूथपेस्टवरून ठाऊक आहेच.

दाढी झाल्यावर तुरटीचा ओला खडा फिरवायचा. बारीकसारीक रक्त तिथल्या तिथे थांबतं. मग वस्तरा पुसून कोरडा करायचा, आणि पावसाळ्यात त्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. जुनं पोलाद एका रात्रीत गंजतं.

हे वाचून कुणी उठून बाजारातून स्वस्तातला वस्तरा आणील, म्हणून सांगते. मी मामांसाठी एक चकचकीत वस्तरा आठवडी बाजारातून आणला होता. त्याला धारच येईना. दगडावर घासून घासून माझी बोटं दुखली, शेवटी तो शिवण उसवायच्या कामी आला. धार लावून देणारं माणूस जवळ नसेल तर अर्ध्या पात्याचा वस्तरा घ्या. साधं दुधारी पातं कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं त्यात बसवायचं. दहा पात्यांचं पाकीट म्हणजे वीस अर्धी. एका अर्ध्यात तीन दाढ्या धरल्या तर साठ होतात, आणि एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला चार महिने! माझा मुलगा पुण्यात चार पात्यांची डोकी वापरायचा. हा हिशेब फोनवर ऐकवला तेव्हा जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आई, वाटी कुठली घेऊ?"

मोडकी पाती कचऱ्यात टाकू नका, बरं का. झाकणाला चीर पाडलेल्या जुन्या डब्यात साठवा. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताचा विचार करा. घरातल्या माणसाला रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा हात-मान थरथरत असेल, तर वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नका. डॉक्टरांना विचारून विजेचं यंत्र घ्या.

मामंजी २००७ च्या उन्हाळ्यात गेले. आदल्या दिवशी मी त्यांची दाढी केली होती. त्याच वर्षी आषाढात मी पंधरा दिवस माहेरी होते. परत आल्यावर आठवलं, वस्तरा फळीवर तसाच राहिला! गंजून गेला असणार म्हणून धावतच गेले. तर तो फडक्यात गुंडाळून ठेवलेला, आणि उघडून पाहते तो पात्यावर तेलाचा हात फिरलेला. 'हे' ड्यूटीवर, मुलगा शिकायला बाहेर. घरात सासूबाई एकट्याच होत्या. मी काही विचारलं नाही. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, म्हणाल्या, "मशीनचं तेल संपत आलंय, यादीत लिही."