सांधा नवा, पण हाड आपलंच!

बसवलेला कृत्रिम सांधा काही वर्षांनी ढिला होतो तेव्हा अनेकदा धातू शाबूतच असतो. विरलेलं असतं ते त्याच्याभोवतीचं हाड! आणि ते हाड राखायला औषध आहे! हे कळल्यापासून आमच्या पालम गावात जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

निमित्त मावशीचं. तिचा खुबा नांदेडला बदलला. तपासणीला मी सोबत गेले, तर डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. मांडीच्या हाडात बसवलेली दांडी जागच्या जागी होती, पण तिच्या वरच्या टोकाशी आतल्या बाजूचं हाड फिकट दिसत होतं. पुढं हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत एकूणच हाडं ठिसूळ निघाली. "मावशी, सांधा पक्का आहे. आता हाड सांभाळू," असं म्हणून त्यांनी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन लिहून दिलं. वर्षातून एकदाच घ्यायचं!

घरी आल्यावर मी वाचायला बसले आणि हरखूनच गेले. हाड जिवंत असतं! त्यात एका जातीच्या पेशी जुनं हाड खातात, दुसऱ्या नवं रचतात. कुठं किती रचायचं हे तिथं पडणाऱ्या भारावर ठरतं. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे मांडलं होतं. आता धातूची दांडी बसवली की भार ती उचलते. वरच्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते कमी करू लागतं. ही घट पहिल्या वर्षातच सर्वांत जास्त होते.

हाड विरण्याचं दुसरं कारण तर थक्क करणारं आहे. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२ पासून धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असा खुबा रूढ केला. चालताना वाटीचे डोळ्यांना न दिसणारे कण झिजून सुटतात. शरीराच्या रक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या जी रसायनं सोडतात, त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात. हाड पोखरतं, सांधा हलू लागतो.

आणि औषधाचा उगम कुठं सापडावा? आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर जो पांढरा थर चढतो, त्या थरात! असा थर धरू नये म्हणून कारखाने पाण्यात फॉस्फेटची संयुगं घालत. संशोधक हर्बर्ट फ्लाइश यांना स्वित्झर्लंडमध्ये त्याच कुळातला पायरोफॉस्फेट मानवी लघवीत आढळला. तोही कॅल्शियमचे खडे धरू देत नव्हता. पण औषध म्हणून दिला तर शरीरात लगेच तुटायचा. म्हणून त्याच घडणीची पण न तुटणारी बिस्फॉस्फोनेट्स पुढं आली. १९६९ मध्ये त्यांवरचे शोधनिबंध छापले गेले. मावशीचं झोलेड्रोनिक ॲसिड याच गटातलं. हे औषध हाडाला जाऊन चिकटतं. हाड खाणारी पेशी हाडासोबत तेही गिळते आणि थंडावते. केवढी अचूक योजना!

सांधा बदललेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत या औषधांनी भोवतालच्या हाडाची घट कमी झालेली दिसली आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ४२ हजार रुग्णांच्या नोंदी २०११ मध्ये अभ्यासल्या गेल्या, तर हे औषध घेणाऱ्यांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून प्रत्येक सांध्याला सरसकट हे औषध देत नाहीत. पण ज्यांची हाडं मुळात ठिसूळ आहेत, त्यांना ते घेण्याचं कारण आधीच असतं!

औषध मात्र मनानं घ्यायचं नाही. आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासतात, दातांचं मोठं काम उरकून घेतात. आठवड्याची गोळी असेल तर ती उपाशीपोटी पेलाभर पाण्यासोबत घेऊन निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. फार वर्षं घेतलं तर क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच प्रकारे मोडतं. म्हणून थांबायचं कधी, हेही डॉक्टरच ठरवतात.

आपल्याकडं हाडाचा रक्तपुरवठा तुटून चाळिशीतच खुबा निकामी झालेली माणसं आहेत. त्यांच्या सांध्याला पुढची कितीतरी वर्षं काढायची आहेत. ऑपरेशनला घरं पैसे उभे करतात, चालता येऊ लागलं की तपासणी सोडून देतात. कृपा करून सोडू नका! दुखत नसलं तरी ठरल्या वेळी एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सांध्याभोवतीचं हाड कसं आहे? ते राखायला मला औषध लागेल का?"