ॲफिलिएट मार्केटिंग: लिंक जागू द्या, तुम्ही झोपा



हल्ली ओपीडीत मला एक जादा प्रश्न विचारावा लागतो, "नोकरी सोडून मोबाईलवर आणखी काही काम करता का?" समोर तिशी-पस्तिशीतला रुग्ण असतो. डोकं दुखतं, पित्त होतं, छातीत धडधडतं. रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल येतात. मग कळतं, रात्री ॲफिलिएट मार्केटिंग चालतं.

म्हणजे एखाद्या वस्तूची लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन. जोडधंदा म्हणून यात वाईट काहीच नाही. अडचण एवढीच की या दुकानाला शटर नाही. किराणावाला रात्री दुकान बंद करून घरी जातो, तुमचं दुकान मात्र उशाशी असतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. ऑर्डर आली म्हणून कमिशन लगेच हातात पडत नाही. साधारणपणे वस्तू परत करायची मुदत उलटल्यावरच ते पक्कं होतं. मग रात्री २ वाजता डॅशबोर्ड उघडून काय वाढणार? तरी आपण उघडतो, कारण आकडा कधी वाढलेला असतो, कधी नसतो. ही अनिश्चितताच हात पुन्हा पुन्हा फोनकडे नेते.

याची किंमत शरीर मोजतं. शांत झोपेत रक्तदाब खाली येतो, हृदयाला विसावा मिळतो. झोप कमी झाली की हा विसावा घटतो, भूक वाढते, चिडचिड होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अहवालात, आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक आढळला. तुमची नोकरी ४८ तासांची असेल आणि वर रोज २ तास हे काम असेल, तर बेरीज ६२ होते.

म्हणून एवढं करा:

१. शटरची वेळ ठरवा. रात्री १० नंतर काम बंद. पोस्ट आधीच शेड्यूल करून ठेवा. किमान ७ तास झोपा.

२. डॅशबोर्ड दिवसातून एकदाच पाहा, तोही सकाळी फिरून आल्यावर. चालणं आठवड्याला १५० मिनिटं हवं.

३. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहा. डोळ्यांचा ताण हलका होतो.

४. दिवाळीच्या सेलच्या धावपळीतही जेवण आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका.

५. "मधुमेह मुळापासून बरा" अशा पावडरींच्या लिंका देऊ नका. मलाही विचारणा होते, मी नाही म्हणतो. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. शिवाय तुमच्यावर विश्वास ठेवून कुणी इन्सुलिन बंद केलं तर जीवावर बेतू शकतं.

रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, किंवा दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. छातीत दाब आणि घाम, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

लिंक रात्रभर न थकता काम करते. तो तिचा गुण आहे, तुम्ही तिची बरोबरी करायला जाऊ नका.