मे महिन्यातली यादी

मे महिना आला की चारचौघांना आंबे आठवतात, गावाकडची तिकिटे आठवतात, मुलांचे निकाल आठवतात. माझ्यासारख्या काही वेडपटांना त्या महिन्यात एक यादी आठवते. इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टात सुरू होतो आणि मेच्या अखेरीस संपतो. खेळाडूंचे करार साधारणपणे ३० जूनला संपतात. ह्या मधल्या दिवसांत प्रत्येक क्लब आपल्या माणसांची निवड-पाखड करतो. कोणाला ठेवायचे, कोणाला नवा करार द्यायचा आणि कोणाच्या हातात नारळ द्यायचा, हे सारे ठरते, आणि जूनमध्ये ती नावे रीतसर प्रसिद्ध होतात. एका बाजूला ठेवलेले, दुसऱ्या बाजूला सोडलेले.

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे यादी वाचताना माझे लक्ष नको तिथे, म्हणजे क्रियापदावर जाते. आपल्या भाषेत 'सोडणे' हे मोठे लबाड क्रियापद आहे. 'खेळाडूने क्लब सोडला' आणि 'क्लबने खेळाडूला सोडले.' एकात कर्मणी प्रयोग, दुसऱ्यात भावे. वर्गात मी एवढे सांगून मोकळा होतो. पण पहिल्या वाक्यातल्या माणसाला आपण कृतघ्न म्हणतो, आणि दुसऱ्या वाक्यातल्या क्लबला मात्र व्यवहारी. हा फरक व्याकरणात कुठे सापडत नाही.

मी लिव्हरपूलचा. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाने 'मी लिव्हरपूलचा' म्हणावे हे हास्यास्पद आहे, मान्य. पण २००५ सालच्या मे महिन्यात, घरची सारी मंडळी झोपलेली असताना, आवाज बंद करून मी इस्तंबूलचा तो सामना पाहिला. मध्यंतराला मिलानचे तीन गोल, आमचा भोपळा. मी उठून झोपायला निघालो होतो. का थांबलो कोण जाणे. पुढच्या तासाभरात ३-० चे ३-३ झाले, पेनल्टींवर कप आमचा झाला आणि मी जन्माचा अडकलो. अशा रीतीने अडकलेल्या माणसाला कराराची मुदत नसते, आणि बहुधा म्हणूनच तो करारवाल्यांवर इतका चिडतो.

चिडण्याचे पहिले निमित्त लगेचच मिळाले. त्या रात्रीचा नायक कप्तान जेरार्ड. त्याच्या नव्या कराराची बोलणी फिसकटली आणि जुलैत त्याने चेल्सीकडे जायचे ठरवल्याची बातमी आली. लिव्हरपूलमध्ये लोकांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. दुसऱ्याच दिवशी गृहस्थाने मन बदलले आणि पुढे दहा वर्षे तो राहिला. जाळलेल्या सदऱ्यांचे काय झाले, ह्याची चौकशी कोणी केली नाही.

आता खेळाडूला असे 'जातो' म्हणता येते, हे मुळात कालपरवाचे आहे. १९६१ च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडात खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक पगार देण्याची क्लबांना मुभा नव्हती. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे करार संपला तरी माणूस सुटत नसे. त्याची नोंदणी क्लबकडेच राही. क्लबने 'ठेवला' म्हटले की तो ठेवला, मग त्याला खेळवो वा न खेळवो. जॉर्ज ईस्टहॅम नावाचा न्यूकॅसलचा खेळाडू ह्या नियमाशी भांडला. क्लब जाऊ देईना, हा सही करीना. शेवटी फुटबॉल बाजूला ठेवून त्याने चक्क बुचाचा माल विकण्याची नोकरी धरली! १९६० च्या उत्तरार्धात क्लबने त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलकडे दिले. पण त्याने खटला मागे घेतला नाही, आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स ह्यांनी ही पद्धत माणसाच्या उपजीविकेवर अन्यायाचे बंधन घालणारी आहे, असा निकाल दिला.

तरी दोरी पुरती तुटली नव्हती. ती तोडली बेल्जियमच्या बोसमनने. १९९० साली लीएज क्लबाशी असलेला त्याचा करार संपला. क्लबने नवा करार देऊ केला तो पाव पगाराचा. फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण पैशांचा व्यवहार जुळेना म्हणून लीएज सोडीना. पाच वर्षे कज्जा चालला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने सांगितले की करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा. त्याच्यासाठी दुसऱ्या क्लबाकडून पैसे मागता येणार नाहीत. आज आठवड्याला लाखो पौंड घेणारे खेळाडू ह्या माणसाच्या पुण्याईवर जगतात. स्वतः बोसमनच्या वाट्याला काय आले? खेळण्याची उमेद कज्जात गेली, पुढे नैराश्य आणि दारू. त्याच्या नावाने निकाल ओळखला जातो. त्याला फार थोडे ओळखतात.

हे सारे मला पाठ आहे. प्रसंगी मी ते सांगतोही. आणि तरीही २०२५ च्या मे महिन्यात मी जे केले ते केलेच.

त्या वर्षी आमच्या तीन मोठ्या खेळाडूंचे करार एकदम संपत होते. सालाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड. नोव्हेंबरात सालाहने वार्ताहरांना सांगून टाकले की क्लबने अजून काहीच देऊ केलेले नाही, आपण आत असल्यापेक्षा बाहेरच अधिक आहोत. मी क्लबवर संतापलो. बत्तिशीतला असला म्हणून काय झाले, द्या त्याला मागेल ते! एप्रिलमध्ये आठवड्याभराच्या अंतराने सालाह आणि व्हॅन डाइक ह्या दोघांनी दोन-दोन वर्षांसाठी सह्या केल्या. २७ एप्रिलला टॉटनहॅमला ५-१ ने हरवून आम्ही विसाव्यांदा लीग जिंकली. आणि ५ मे रोजी ट्रेंटने जाहीर केले, मी जातो.

ट्रेंट कोण हे सांगायला हवे. लिव्हरपूल शहरातल्या वेस्ट डर्बी भागातला मुलगा. क्लबचे सरावाचे मैदान घराजवळ; लहानपणी भिंतीच्या फटीतून आत डोकावून तो आपले देव पाहत असे. सहाव्या वर्षी क्लबमध्ये आला आणि सव्विसाव्या वर्षापर्यंत राहिला. ३५४ सामने खेळला. २०१९ साली बार्सिलोनाचा बचाव गाफील उभा आहे हे हेरून त्याने जो झटपट कॉर्नर घेतला आणि ओरिगीने ज्यावर चौथा गोल केला, तो आठवला की मला अजून उगाच हसू येते. असा मुलगा रेआल माद्रिदला चालला. क्लबच्या पदरात जवळपास काहीच न टाकता. पुढे जूनमधल्या स्पर्धेसाठी महिनाभर आधी सोडण्याचे काही पैसे मिळाले, ते असल्या खेळाडूच्या मानाने दक्षिणाच. १९९९ साली मॅकमॅनमन असाच, आमच्याकडे वाढून, बोसमनच्या वाटेने, त्याच माद्रिदला गेला होता.

११ मे, रविवार. रात्री नऊला आर्सेनलशी सामना. शेजारी बसून आई दुसऱ्या दिवसाची गवार निवडत होती. उत्तरार्धात ट्रेंट मैदानात उतरला आणि ॲनफिल्डवर हुर्यो सुरू झाली. त्याच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो. मीही सोफ्यावर बसून तोंडाने तसलाच काही आवाज काढला. चव्वेचाळीस वर्षांचा, विभागप्रमुख असलेला माणूस.

आईने मान वर केली. "हा आपल्याकडचाच ना रे?"

"आपल्याकडचाच."

"मग आपलीच माणसं का ओरडतात?"

"सोडून चाललाय."

"काढलाय, की आपण होऊन चाललाय?"

"आपण होऊन."

"मग बरंय की," असे म्हणून ती पुन्हा गवारीकडे वळली.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतले नाही. तेव्हा मी कडेवरचा. 'काढणे' आणि 'सोडणे' ह्या क्रियापदांचा आईचा अभ्यास माझ्यापेक्षा दांडगा आहे. पण त्या रात्री मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. २-० असलेला सामना २-२ झाला होता, आणि त्याचाही दोष मी ट्रेंटच्या खात्यावर मांडला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्या विभागातल्या एक तरुण प्राध्यापिका मला भेटायला आल्या. सात वर्षे त्या आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवीत होत्या. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : दरसाल जाहिरात, दरसाल मुलाखत, दरसाल नेमणूक. जितके तास तितके पैसे. तेही वेळेवर येतील असे नाही. सुटीचे पैसे नाहीत. सत्र संपले की नेमणूक संपली. भाषाविज्ञान शिकवायला मी सहसा राजी नसतो, ते सारे त्यांच्याकडे. मुले त्यांचे तास बुडवीत नसत, माझे बुडवतात.

पुण्यात एका कंपनीत भाषांतराचे काम मिळाले आहे, जूनपासून रुजू व्हायचे आहे, असे त्या म्हणाल्या. मी अभिनंदन करायला हवे होते. माझ्या तोंडून निघाले, "म्हणजे आम्हाला असं मध्येच सोडून जाणार?"

त्या रागावल्या नाहीत. "सर, सोडून कशी जाणार? माझी नेमणूक एप्रिललाच संपली," इतकेच म्हणाल्या, आणि अनुभवाचा दाखला कधी मिळेल म्हणून विचारले. मी 'बघतो' म्हणालो. विभागप्रमुखाचे 'बघतो' कसे असते ते महाविद्यालयात काम केलेल्यांना सांगणे नको.

घरी येताना गाडीत मी मनाशी जमाखर्च मांडला. गेल्या वीस वर्षांत, चहाचा कप हातात घेऊन, मी किती खेळाडू 'काढून टाकले' असतील? ह्याला विका, त्याचे पाय जड झाले, तो दुखापतीचा माणूस, त्याचा करार वाढवू नका. मे महिन्यात मी एखाद्या गिरणीमालकाला लाजवीन असा कठोर असतो. यादीतली खालची नावे तर मी वाचतही नाही. तिथे अठरा-एकोणीस वर्षांची पोरे असतात. ट्रेंटसारखीच सहाव्या-सातव्या वर्षी आलेली, शाळा सांभाळून दहा-बारा वर्षे धावलेली. क्लब त्यांच्यापुढे एक ओळ लिहितो : मुक्त. त्यांच्यासाठी कोणी सदरा जाळत नाही, कारण त्यांच्या नावाचा सदरा निघालेलाच नसतो.

चांगला निरोप मला माहीत नाही असे नव्हे. २०२३ साली फर्मिनोचा करार संपला. ॲनफिल्डवरच्या अखेरच्या सामन्यात बदली म्हणून उतरून, सामना संपता संपता त्याने बरोबरीचा गोल केला. सामन्यानंतर त्याला, मिल्नरला आणि आणखी दोघांना सहकाऱ्यांनी रांगा करून मानवंदना दिली. फर्मिनो रडला, मी रडलो. पण नीट पाहा. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि उतरणीला लागला होता. ज्याची आपल्याला गरज उरत आलेली असते त्याला निरोप द्यायला फारसे औदार्य लागत नाही. आमच्या महाविद्यालयातही शाल-श्रीफळाचा कार्यक्रम अठ्ठावन्न-साठ वर्षे झालेल्यांसाठी असतो, तासिकावाल्यांसाठी नसतो. कागदोपत्री ते कधी आलेलेच नसतात, जाणार कुठून?

(त्या उन्हाळ्यात आमच्याकडून आणखी एक जण गेला. ३ जुलै २०२५ रोजी, मोटार-अपघातात, भावासह. दिओगो जोटा. त्याच्याविषयी इथे लिहिण्याची माझी तयारी नाही.)

२५ मे रोजी हंगामातला अखेरचा सामना, क्रिस्टल पॅलेसशी. मधल्या दिवसांत सालाहने उघड सांगितले होते की ट्रेंटला असे वागवणे बरे नव्हे. जुने प्रशिक्षक क्लॉप तर म्हणाले की हुर्यो ऐकू येताच त्यांनी टीव्ही बंद केला. मध्यंतरानंतर ट्रेंट उतरला. ह्या वेळी बहुतेक स्टेडियम टाळ्या वाजवीत होते. लोक तेच, खेळाडू तोच, करारही तोच. थोडी हुर्यो होतीच.

"आज टाळ्या का?" आईने विचारले.

"अगं, आज शेवटचा दिवस."

"मग त्या दिवशी काय पहिला होता?"

मी टाळ्या वाजवल्या की नाही हे सांगत नाही. सामना १-१ असा सुटला. कप उंचावला गेला, कागदी फुलोरा उडाला, आणि त्या गर्दीत ६६ नंबरच्या सदऱ्यातला तो पोरगा गळ्यात पदक घालून उभा होता.

सोमवारी सकाळी कार्यालयातून मी त्या बाईंची फाइल मागवली. दाखल्याचा छापील नमुना एकाच नेमणुकीसाठी केलेला आहे : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. त्यांच्या सात नेमणुका, मध्ये सहा सुट्या. कारकून म्हणाला, सर, पहिली तारीख आणि शेवटची तारीख घालून टाका, कोण बघतंय. पण तसे केले तर मधले महिनेही आम्ही त्यांना पगार दिला असे दिसले असते. म्हणून मी कोऱ्या कागदावर सातही ओळी हाताने लिहिल्या. एका वर्षी नेमणूक सप्टेंबरात झालेली होती, म्हणजे जुलै-ऑगस्ट त्यांनी नुसतेच शिकवले होते. ते मला तेव्हा माहीत होते आणि मी विसरलोही होतो. खाली एक रकाना होता : 'सेवा सोडण्याचे कारण.' बराच वेळ पेन धरून बसलो. मग 'सोडण्याचे' खोडून 'संपण्याचे' केले, पुढे 'नेमणुकीची मुदत' असे लिहिले, सही केली आणि शिक्का मारायला कार्यालयात स्वतःच गेलो.