आमच्या भाचीची परीक्षा

शाळेच्या वार्षिकासाठी काहीतरी लिहावे असा आग्रह संपादक-मंडळाकडून दरवर्षी होतो, आणि दरवर्षी आम्ही टेबलावरील उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून सुटका करून घेतो. यंदा परीक्षेविषयीच लिहावयाचे ठरविले आहे. मात्र ही परीक्षा आमच्या शाळेतली नव्हे. इंग्लंडातील मँचेस्टर शहरातली. ती दिली आमच्या भाचीने, आणि तिच्या तयारीपायी आम्हांस कित्येक महिने रोगी व्हावे लागले.

भाची आमच्या थोरल्या बहिणीची मुलगी. घरात तिला सगळे 'बाय' म्हणतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून ती २०१८ साली डॉक्टर झाली आणि पुढे इंग्लंडात जाऊन काम करावे, शिकावे, असे तिच्या मनाने घेतले. "डॉक्टर झालीस ना? मग पुन्हा परीक्षा कसली?" असे आमच्या बहिणीने तिला विचारले. (आमच्या घरात बोलणे कोकणीत चालते, वाचकांच्या सोयीसाठी ते येथे मराठीत दिले आहे, एकदोन वाक्ये सोडून.) बहिणीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. एके काळी भारतीय पदवी इंग्लंडात तशीच चालत असे. १९७५ साली तेथील जनरल मेडिकल कौन्सिलने ही सरसकट मान्यता काढून घेतली, आणि तेव्हापासून आपल्याकडील डॉक्टरांस सामान्यतः परीक्षेच्या दारातूनच आत जावे लागते. गोवेकरांस तर याचे नवल वाटू नये. पणजीची वैद्यकशाळा १८४२ सालची. पण तिच्या पदवीधरांस खुद्द पोर्तुगालात वैद्यकी करावयाची झाल्यास तेथे पुन्हा परीक्षांस बसावे लागे. राज्य एकच, तरी ज्ञान मात्र समुद्र ओलांडताना अर्धे होई!

असो. या परीक्षेचे नाव 'प्लॅब'. तिचे दोन भाग. आधी इंग्रजी भाषेची वेगळी कसोटी द्यावयाची, मग पहिला भाग: तीन तासांत १८० प्रश्न, प्रत्येकाच्या पाच उत्तरांतून एक निवडावयाचे. हा भाग भारतातच देता येतो आणि बायला तो जड गेला नाही. पाठांतरात आमची मुले कोणास हार जात नाहीत. दुसरा भाग मात्र मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो, आणि त्यात कागदावर लिहावयाचे काहीच नसते.

त्याची रीत मोठी विलक्षण आहे. एका मोठ्या जागेत लहान लहान दालने असतात. बायच्या वेळी ती १८ होती. पुढे १६ झाली. दाराबाहेर एक मजकूर लावलेला असतो: आत कोण आहे, त्याला काय होते आहे, तुम्ही काय करावयाचे आहे. तो वाचावयास दीड मिनिट. घंटा होते. आत शिरावे तो समोर रोगी बसलेला, आणि कोपऱ्यात परीक्षक. परीक्षक सहसा बोलत नाही. तुमच्याजवळ आठ मिनिटे असतात. पुन्हा घंटा होते. वाक्य अर्धे असले तरी उठावयाचे आणि पुढच्या दारापाशी उभे राहावयाचे. ही पद्धत १९७५ साली स्कॉटलंडातील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी प्रथम मांडली. आणि तो रोगी? तो रोगी नसतोच, नट असतो. निरोगी माणसास रोग्याचे सोंग शिकवून त्याच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी, ही कल्पना लॉस एंजेलिसचे मेंदुविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ च्या सुमारास अंमलात आणली, तेव्हा हे नाटकी खूळ म्हणून तिची टर उडाली होती. आज त्या सोंगावर हजारो डॉक्टरांचे भवितव्य ठरते.

२०२० च्या फेब्रुवारीत बाय मँचेस्टरला गेली. परीक्षेचे शुल्कच आठशे पौंडांच्या वर. शिवाय विमान, व्हिसा, राहणे. बहिणीने एक मुदत ठेव मोडली. मार्चमध्ये जग बंद होऊ लागले आणि त्याच सुमारास निकाल आला. बाय अनुत्तीर्ण झाली होती.

शाळेत नेहमी पहिली येणारी ही मुलगी; आयुष्यातले पहिले नापास. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. मग तिने गुणपत्रक आम्हांपुढे ठेवले. प्रत्येक दालनात तीन गोष्टींचे गुण असतात: माहिती कशी काढली, उपचार काय योजले, आणि माणसाशी कसे वागलात. पहिल्या दोहोंत तिचे गुण बरे होते. तिसऱ्यात ती वाहून गेली होती. कोणत्या दालनात काय आले हे बाहेर सांगण्यास परीक्षार्थींस मनाई असते, आणि तिने ते आम्हांसही सांगितले नाही. शिक्षक या नात्याने आम्हांस त्याचा संतोषच वाटला. एवढेच म्हणाली, "मामा, मी सगळे प्रश्न विचारले. पण 'तुम्हांला कशाची भीती वाटते?' हा प्रश्न एकदाही विचारला नाही. वॉर्डात कोण विचारतो? शंभर माणसे रांगेत उभी असतात."

ती वॉर्डाची गोष्ट खरीच होती. पुढे महामारीत तिने येथेच काम केले. दिवसेंदिवस घरीही येत नसे. सवड मिळे त्या संध्याकाळी मात्र आमच्या ओसरीवर सराव चाले. आम्ही रोगी, आमच्या सौभाग्यवती कधी रोगी तर कधी परीक्षक, आणि मोबाईलवर आठ मिनिटांचा गजर. सौभाग्यवतींस एकदा छातीत कळ आल्याचे सोंग दिले होते. दुसऱ्याच मिनिटास त्या आपल्या खऱ्या गुडघ्यावर आल्या आणि औषध लिहून घेऊनच उठल्या. आमची तक्रार निराळी होती. आम्ही बी. ए. ला इंग्रजी वाङ्मय घेतलेले. आमचा रोगी फार शुद्ध बोले. "मामा, पोटात दुखणारा माणूस एवढी मोठी वाक्ये बोलत नाही," असे तिने आम्हांस बजावले. तीही शिकत होती. येथे म्हातारी समोर आली की 'आजी' म्हणावे आणि हात धरावा. तेथे आधी आपले नाव सांगावे, तुम्हांस कोणत्या नावाने हाक मारू असे विचारावे, आणि मग थांबावे. हे थांबणे तिला सर्वांत अवघड जाई.

एका संध्याकाळी चिठ्ठी निघाली ती अशी: वृद्ध स्त्रीस कर्करोग असल्याचे निदान झाले आहे, तिचा मुलगा डॉक्टरांस भेटून, आईला काही सांगू नका, अशी विनंती करतो. आम्ही मुलगा व्हावयाचे होते.

बायने गजर लावला आणि इंग्रजीत विचारले, "आईला कळले तर काय होईल असे तुम्हांला वाटते?"

चिठ्ठीत उत्तर लिहिलेले होते. ते आमच्या तोंडून बाहेर पडेना. आम्ही भलतेच बोलू लागलो, आणि तेही कोकणीत.

२०११ साली आमची आई आजारी पडली. रुग्णालयाच्या बाहेरच्या वाटेवर डॉक्टरांनी आम्हांस बाजूला घेऊन इंग्रजीत दोन मिनिटांत सर्व सांगितले आणि ते निघून गेले. आई खाटेवर होती. तिने विचारले, "म्हाका किदें जालां?" घरात इंग्रजी जाणणारे आम्हीच, दुभाषी आम्हीच. आम्ही म्हटले, "कांय ना गे, पित्त." त्यानंतर ती चार महिने होती. पेडण्यास आपल्या बहिणीकडे आठ दिवस राहावे असे ती दोनतीनदा म्हणाली. आम्ही दर वेळी म्हणत असू, "बरी जा, मागीर वचूया." ती प्रथम विचारीत राहिली, मग विचारीनाशी झाली. ती फसली, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो.

बायने गजर बंद केला नाही. डॉक्टरची भूमिका मात्र सोडली. ती हळूच म्हणाली, "मामा, आजयेक खबर आशिल्लें."

आजीला ठाऊक होते. सोळा वर्षांच्या नातीला तिने एका दुपारी जवळ बसवून ते सांगितले होते, आणि मामाजवळ बोलू नकोस असे बजावले होते. का, तर तो सांगायला भितो आहे, त्याला भिऊ दे. बायने ते नऊ वर्षे पाळले होते.

गजर वाजला. आम्हांपैकी कोणी उठले नाही. शेवटी तीच डोळे पुसून म्हणाली, "या दालनात मी नापास. तुम्हांला काही विचारायचे आहे का, हे विचारायचे राहून गेले." आम्हांस पुष्कळ विचारावयाचे होते. त्या रात्री जेवणे उशिरा झाली.

दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी आम्ही पुन्हा घेतली. या वेळी चिठ्ठीत लिहिले होते तसेच बोललो. इंग्लंडातली रीत काय, तर मुलाचे सर्व शांतपणे ऐकून घ्यावे, त्याचे प्रेम खोटे ठरवू नये. पण माहिती आईची आहे, ती किती ऐकू इच्छिते हे तिलाच विचारणार, हे त्यास स्पष्ट सांगावे. बायने ते सांगितले. आम्ही मुलगा म्हणून थोडा वाद घातला आणि मग गप्प बसलो.

मधल्या काळात परीक्षा काही महिने बंद होती, प्रवासही बंद होता. २०२१ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा मँचेस्टरला गेली. चार आठवड्यांनी निकाल आला. तो कसा लागला हे पुढील मजकुरावरून कळेलच.

आता ती दक्षिण इंग्लंडातील एका रुग्णालयात आहे. तेथून जवळच स्विंडन नावाचे गाव आहे. पोर्तुगीज पारपत्रावर गेलेले गोवेकर तेथे पुष्कळ. त्यांतील वडील मंडळींस इंग्रजी बेताचेच येते. नातेवाइकास दुभाषी करू नये असा तेथे संकेत आहे. दूरध्वनीवर परका दुभाषी बोलावतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री बायचा फोन आला. एका म्हाताऱ्या बाईशी उद्या बोलावयाचे आहे, दुभाषी असेल, पण बाईने हिच्या नावावरून हिला ओळखले आहे आणि तिने स्वतः सांगावे असा हट्ट धरला आहे. "मामा, सगळे वैद्यक मी इंग्रजीत शिकले. रोग यकृतापर्यंत पसरला आहे, हे कोकणीत कसे सांगू, की तिला कळेल आणि ती घाबरणार नाही?"

आम्ही बहिणीस हाक मारली. दोघे ओसरीवर बसून शब्द शोधू लागलो. 'पातळ्ळां' म्हणावे तर सांडलेल्या पाण्यासारखे वाटते. 'वाडलां' म्हणावे तर अंगणातल्या केळीसारखे. बहीण म्हणाली, आधी विचार म्हणावे, तुला स्वतःला काय वाटते ते सांग. आम्ही तीन वाक्ये कागदावर उतरून बायला वाचून दाखविली.

"दुसरे वाक्य फार लांब आहे," ती म्हणाली. "ते मी तोडते."