गिरणीच्या भिंतीआडचं रान

धारावीच्या टोकाला, मिठीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 37 एकर. आता तिथे शाळांच्या सहली फुलपाखरं बघायला जातात. पूर्वी तिथे मुंबईचा कचरा पडायचा. 1983 मध्ये सालिम अलींच्या हातून पहिलं रोप लागलं, 1994 मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. आतली सावली बघून माणसं हरखतात. मी चिडतो. कचऱ्यावर माती टाकून रान उभं राहतं, तर आमच्या लालबाग-परळात काय अडलं होतं?

तिथे तर माती टाकायचीही गरज नव्हती. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आबा गिरणीत, साचेखात्यात. संप रेंगाळला, कुणी मागे न घेताच विरला, तरी आबा पाळीच्या वेळेला घराबाहेर पडत. हातात डबा नसे, एवढाच फरक. गिरणीच्या मागच्या गल्लीत भिंत थोडी ढासळली होती, तिथे जाऊन उभे राहत. आई मला बोलवायला धाडी. ते मलाही उभं करून घेत आणि दाखवत: तो एरंड, ती सुबाभूळ, आणि चिमणीला फुटलंय ते उंबर, पाखरांनी आणलेलं. मूळचे संगमेश्वरकडचे, झाडाचं नाव कधी चुकायचे नाहीत. "मालकाला नको झाली म्हणून जमीन काही रिकामी बसत नाही," म्हणायचे. घरी आल्यावर आई विचारी, "गिरणीचं काही कळलं का?" आबा न बोलता हातपाय धुवायला मोरीत जात.

गिरण्यांच्या जमिनीवर नवं बांधकाम होईल, तेव्हा तिचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी शहराला, असा नियम 1991 मध्ये झाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या समितीने 1996 मध्ये त्यावर आराखडाही दिला. 2001 मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. म्हणजे साच्यांच्या शेडखालची सगळी जमीन मालकाची. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. आबांच्या त्या गल्लीत आता टॉवर आहे. कुंड्यांत पाम आहेत, आणि जरा थांबलं की वॉचमन विचारतो, "कितवा मजला?"

निसर्ग उद्यान जरूर बघा, मुलांना न्या. फक्त परतताना लालबागच्या पुलावरून या आणि दोन्ही बाजूंचे टॉवर दाखवून त्यांना सांगा, यातला तिसरा हिस्सा आपला ठरला होता.